व्हर्सायच्या राजवाड्याचे पाहुणे

पॅरिस शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें बारा मैलांवर व्हर्साय नांवाचें गांव आहे. आगगाडीनें तेथें पोहोंचावयास तासभरही लागत नाहीं. स्टेशनाबाहेर पडून थोडें चाललें कीं समोर एक विस्तीर्ण पटांगण लागतें आणि त्याच्या पलीकडे, सोनेरी कठड्याच्या आड, फ्रान्सच्या राजांचा तो जगप्रसिद्ध वाडा उभा असलेला दिसतो. सोमवार खेरीजकरून एरवीं तिकीट काढून कोणासही आंत जातां येतें. अलीकडच्या वर्षांत येथें येणाऱ्या प्रवाशांची संख्या दरसाल ८० लाखांच्या वर गेली आहे. दालनांची संख्याच २,३०० च्या घरांत असल्यामुळें सगळा वाडा एका दिवसांत पाहून होणें अशक्य असतें. बहुतेक प्रवासी आरसेमहाल पाहतात, राणीचा पलंग पाहतात, बागेंत कारंज्यांपाशीं घटकाभर विसांवतात आणि थकून परत फिरतात.

परंतु राजवाडा पाहण्याची आणखीही एक रीत आहे. दालनें मोजण्याऐवजीं तेथें कोण कोण आलें, कोणत्या हेतूनें आलें आणि जातांना काय घेऊन गेलें, हें विचारावें. व्हर्सायच्या बाबतींत तर ही रीत विशेषच उपयोगी पडते. कारण हा वाडा मुळांत राहण्यासाठीं जितका बांधला, तितकाच तो दुसऱ्यांनीं पाहावा म्हणून बांधला होता. त्याच्या धन्यांनीं आपल्याविषयीं भिंतींवर आणि छतांवर पुष्कळ लिहून ठेवलें आहे. परंतु त्याचा खरा इतिहास त्याच्या पाहुण्यांनीं सांगितला आहे.

ही जागा राजधानीस योग्य अशी केव्हांच नव्हती. रान, दलदल आणि शिकारीस भरपूर सावजें, एवढीच तिची संपत्ति. तेराव्या लुईनें शिकारीच्या सोयीसाठीं १६२३ सालीं तेथें एक लहानसें घर बांधलें आणि १६३१ पासून तीन-चार वर्षांत त्याच जागीं विटांचा व दगडाचा एक बेताचा वाडा उठविला. त्याचा मुलगा चौदावा लुई हा १६३८ सालीं जन्मला आणि पांचव्या वर्षींच गादीवर बसला. कारभार अर्थात् आईच्या व मुख्य प्रधान माझारँ याच्या हातीं होता. या बालराजाच्या कोवळ्या मनावर जे पहिले ठसे उमटले ते राजवैभवाचे नसून भीतीचे होते. १६४८ ते १६५३ या काळांत पॅरिसचें न्यायमंडळ, मोठमोठे सरदार आणि शहरांतील जनता यांनीं आळीपाळीनें बंडें केलीं. १६४९ च्या जानेवारींत राजकुटुंबास ऐन मध्यरात्रीं पॅरिस सोडून पळावें लागलें. दोन वर्षांनीं, १६५१ च्या फेब्रुवारींत, राजा पुन्हा पळणार अशी आवई उठली, तेव्हां शहरचे लोक रात्रीं थेट त्याच्या निजावयाच्या खोलींत शिरले. बारा वर्षांचा राजा झोपेचें सोंग घेऊन पडून राहिला आणि लोक एकामागून एक त्याच्या पलंगापाशीं येऊन, राजा जागेवर आहे अशी खात्री करून, निघून गेले. पुढें आयुष्यभर चौदाव्या लुईला पॅरिस शहर आवडलें नाहीं याचें कारण या रात्रींत शोधावें लागतें.

१६६१ सालीं माझारँ मरण पावला आणि यापुढें मुख्य प्रधान नेमावयाचा नाहीं, कारभार आपणच पाहावयाचा, असें तेविशीच्या आंतल्या राजानें जाहीर केलें. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत खजिन्याचा मुख्य अधिकारी फुके यानें व्हो येथील आपल्या नव्या वाड्यांत राजाला मेजवानी दिली. वाडा ल व्हो या शिल्पकाराचा, चित्रकाम ल ब्रँ याचें आणि बाग ल नोत्र याची. इतकी शोभा राजापाशीं नव्हती, ती त्याच्या नोकरापाशीं होती. तीन आठवडे उलटले नाहींत तोंच फुके कैदेंत पडला आणि त्याचे तेच तीन कारागीर राजानें व्हर्सायच्या कामावर लावले. तेथून पुढें सुमारें पन्नास वर्षें तेथील बांधकाम या ना त्या रूपानें चालूंच राहिलें. १६८५ च्या सुमारास तेथें ३६,००० मजूर खपत होते, अशी नोंद राजदरबारांतील दांजो नांवाच्या सरदारानें आपल्या रोजनिशींत केली आहे.

६ मे १६८२ रोजीं दरबार आणि राज्यकारभार कायमचा व्हर्सायला आला. या स्थलांतरांत राजाचें एक मोठें धोरण होतें. ज्या सरदारांनीं लहानपणीं त्याला रात्रीं पळावयास लावलें, त्या सरदारांना आपापल्या जहागिरींत गढ्या राखून राहूं देणें त्याला धोक्याचें वाटत होतें. त्यांना जिंकण्यापेक्षां जवळ आणून बसविणें अधिक सोपें. म्हणून त्यानें मानापानांची अशी कांहीं सांखळी निर्माण केली कीं, तिच्यांत फ्रान्सची सगळी सरदारी आपण होऊन अडकली. राजाचें उठणें हा एक सोहळा, त्याचें निजणें हा दुसरा. सकाळीं त्याच्या हातीं सदरा कोणीं द्यावयाचा आणि रात्रीं तो कपडे उतरवीत असतां मेणबत्तीचा दिवा कोणीं धरावयाचा, याला नियम होते आणि हे मान मिळावेत म्हणून पिढीजात योद्धे दिवसचे दिवस दालनांत ताटकळत उभे राहात. ज्यांचे स्वतःचे वाडे होते असे लोक येथें माळ्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांत समाधानानें राहूं लागले. दरबारीं न येणाऱ्या सरदारासाठीं कोणी रदबदली केली, तर तो माणूस आपल्या दृष्टीस पडत नाहीं, एवढेंच उत्तर राजा देत असे, असें सेंसिमाँ या सरदारानें लिहून ठेविलें आहे. तेवढें उत्तर पुरे होई.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, असा हा वाडा सामान्य लोकांना बंद नव्हता. अंगावर नेटके कपडे, डोक्यावर टोपी आणि कमरेला तलवार असली म्हणजे कोणाही पुरुषाला आंत जातां येई. आणि ज्याच्यापाशीं तलवार नसेल त्याला ती दरवाजाशीं भाड्यानें मिळे. राजा जाहीरपणें जेवावयास बसे, त्या वेळीं लोक समोरून रांगेनें जात आणि राजा कसा जेवतो हें डोळे भरून पाहात. बाग दाखविण्याचा क्रम तर चौदाव्या लुईनें स्वतःच कलमवार लिहून काढला होता. कोणत्या पायऱ्यांवर थांबावें, कोठें वळून वाड्याकडे पाहावें, कोणतें कारंजें कोणत्या बाजूनें पाहिल्यास शोभिवंत दिसतें, हें सगळें त्यांत आहे. १६८९ ते १७०५ या काळांत त्यानें या लेखाचे एकाहून अधिक खर्डे केले. युरोपभर लढाया चालविणारा राजा आपल्या बागेचा वाटाड्या व्हावयासही तयार होता. पाहुण्यानें काय पाहावें हेंच केवळ नव्हे, तर तें कोठें उभें राहून पाहावें, हें ठरविणें म्हणजेच त्याच्या मतें राज्य करणें होतें.

या देखाव्यामागें जें चाललें होतें तें मात्र पाहुण्याला दिसूं नये अशीच योजना होती. व्हर्सायला मुळांत पाणी नाहीं. बागेंतील शेंकडों कारंज्यांसाठीं तें लांबून आणावें लागे. मार्ली येथें सेन नदीच्या पात्रांत १४ प्रचंड चाकें बसवून पंपांच्या रांगांनीं पाणी टेकडीवर चढविण्याचें यंत्र १६८४ मध्यें सुरू झालें. त्याचा आवाज दूरवर ऐकूं येई, दुरुस्ती नित्याचीच, आणि इतकें करूनही पाणी पुरेनासें झालें. म्हणून सगळीं कारंजीं एकाच वेळीं चालवीत नसत. राजाची स्वारी जवळ येऊं लागली कीं कारंज्यांवरचे नोकर एकमेकांना शीळ घालून इशारा देत, पुढचें कारंजें उसळे आणि स्वारी पुढें गेली कीं मागचें बंद होई. शेवटीं १६८५ सालीं उर नदीचें पाणी पन्नास मैलांवरून आणण्याचें काम हातीं घेतलें आणि त्यावर हजारों शिपायी लावले. दलदलीच्या तापानें त्यांतले कितीतरी मेले. १६८८ मध्यें युद्ध पेटलें, शिपायी रणांगणावर गेले आणि तें काम कायमचें थांबलें. मँतनों येथें त्या अपुऱ्या राहिलेल्या जलसेतूच्या कमानी आजही उभ्या आहेत. परंतु व्हर्साय पाहावयास जाणारे फारच थोडे लोक त्या पाहतात.

वाड्याचा सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे आरसेमहाल. आर्दुएँ मांसार या शिल्पज्ञानें तो १६७८ ते १६८४ या काळांत बांधला. लांबी सुमारें २४० फूट, रुंदी ३४ फूट आणि उंची ४० फूट. एका बाजूस बागेकडे उघडणाऱ्या १७ कमानदार खिडक्या आणि त्यांच्या समोर तितक्याच कमानींत बसविलेले ३५७ आरसे. त्या काळीं मोठे आरसे करण्याची विद्या व्हेनिसच्या कारागिरांच्या हातीं होती आणि ते ती प्राणापलीकडे जपत. अर्थमंत्री कोल्बेर यानें कांहीं कारागिरांना फोडून फ्रान्सांत आणविलें आणि राजाच्या आश्रयानें कारखाना काढला. तेव्हां हा महाल केवळ विलासासाठीं नव्हता; फ्रान्सला आतां व्हेनिसच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरली नाहीं, हें जगाला कळविणारें तें एक जाहीरपत्रकच होतें. छतावर ल ब्रँनें राजाच्या पराक्रमांचीं चित्रें काढलीं. ऱ्हाईन नदी ओलांडून त्यानें १६७२ मध्यें केलेली स्वारीही त्यांत आहे. महालांतील सामान भरीव चांदीचें होतें, तें मात्र फार दिवस टिकलें नाहीं. १६८९ सालीं लढाईच्या खर्चासाठीं राजानें तें सगळें वितळवून त्याचीं नाणीं पाडलीं.

या महालांतला पहिला मोठा पाहुणा अपमान सोसण्यासाठीं बोलाविलेला होता. इटलींतील जिनोव्हा या लहान लोकराज्यानें फ्रान्सचा शत्रु स्पेन याला साह्य केलें म्हणून लुईच्या आरमारानें १६८४ मध्यें त्या शहरावर तोफा डागून त्याचा मोठा भाग जमीनदोस्त केला. तेवढ्यानें राजाचें समाधान झालें नाहीं. तेथील मुख्याधिकाऱ्यानें, ज्याला दोजे म्हणत, जातीनें व्हर्सायला येऊन क्षमा मागावी अशी अट त्यानें घातली. दोजेनें अधिकारावर असतां शहर सोडूं नये, सोडल्यास त्याचें पद जावें, असा त्या राज्याचा कायदा होता. तोही राजानें बाजूस ठेवावयास लाविला. १६८५ च्या मे महिन्यांत इंपेरियाले लेर्कारी हा वृद्ध दोजे चार सभासदांसह आरसेमहालाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दरबारी लोकांच्या गर्दींतून चालत गेला आणि चांदीच्या सिंहासनावर बसलेल्या राजासमोर नम्र झाला. पुढें त्याला सगळा वाडा दाखविण्यांत आला. या सर्वांत तुम्हांला अधिक नवल कशाचें वाटलें, असें कोणीं विचारलें असतां, मी येथें आहें याचेंच, असें त्यानें सांगितलें म्हणतात. पराजिताच्या तोंडीं याहून सभ्य आणि याहून बोंचणारें उत्तर सांपडणें कठीण.

दुसऱ्याच वर्षीं, १ सप्टेंबर १६८६ रोजीं, सयामच्या नारायण राजाचे वकील आले. त्यांचा मुख्य कोसा पान हा होता. आपल्या राजाचें सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलें पत्र त्यांनीं मोठ्या आदरानें बरोबर आणलें होतें. त्यांच्या देशीं राजाकडे मान वर करून पाहण्याची चाल नव्हती. लुईनें मात्र त्यांना, इतक्या दुरून आलां आहां तर खुशाल पाहा, अशी परवानगी दिली. परंतु व्हर्सायला ज्याची मैत्री मोठ्या थाटानें जोडली तो नारायण राजा दोनच वर्षांत मरण पावला, राजधानींत क्रांति झाली आणि फ्रेंच फौजेला सयाममधून बाहेर पडावें लागलें. १७१५ च्या फेब्रुवारींत इराणचा वकील महंमद रझा बेग आला, तेव्हां सत्त्याहत्तराव्या वर्षांतला राजा हिऱ्यांनीं जडविलेला जड पोषाख चढवून त्याच्या भेटीस बसला. तो त्या महालांतला त्याचा शेवटचा मोठा दरबार होय. त्याच वर्षीं १ सप्टेंबर रोजीं तो वारला. त्याचा मुलगा आणि नातू त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. गादीवर पांच वर्षांचा पणतू आला.

पंधराव्या लुईच्या दीर्घ कारकीर्दींत वाडा अधिक सुंदर झाला, राज्य मात्र दुबळें झालें. भारतांत आणि कॅनडांत इंग्रजांनीं फ्रेंचांना मागें रेटलें, हें याच काळांत. १७७० मध्यें ऑस्ट्रियाची राजकन्या मेरी आंत्वानेत हिचें युवराजाशीं लग्न झालें आणि त्या समारंभासाठीं वाड्यांत भव्य नाटकगृह उघडण्यांत आलें. चार वर्षांनीं तो युवराज सोळावा लुई म्हणून राजा झाला.

या सोळाव्या लुईचें नांव आपल्या इकडच्या राजकारणांतही ऐकूं येत होतें. १७७७ सालीं सेंट लुबिन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास आला. नाना फडणिसांनीं त्याचा सत्कार केला आणि त्यामुळें मुंबईकर इंग्रजांची झोंप उडाली. त्याच्या हातून भरीव असें कांहीं झालें नाहीं. परंतु इंग्रजांना शह द्यावयाचा तर फ्रान्सकडे पाहावें, ही कल्पना त्या काळच्या हिंदी दरबारांत किती बळावली होती हें त्यावरून दिसतें. ती कल्पना व्हर्सायच्या दरवाजापर्यंत प्रत्यक्ष घेऊन गेला तो म्हैसूरचा टिपू सुलतान.

टिपूचे तीन वकील, महंमद दरवेश खान, अकबर अली खान आणि महंमद उस्मान खान, १७८७ च्या जुलैंत पाँडिचरीहून निघाले आणि जवळजवळ वर्षभर समुद्रावर व बंदरोबंदरीं घालवून ९ जून १७८८ रोजीं तुलाँ येथें उतरले. १६ जुलैला ते पॅरिसला पोहोंचले. त्यांच्या लांब अंगरख्यांनीं आणि पागोट्यांनीं शहराला वेड लाविलें. विगे ल ब्रँ या प्रख्यात चित्रकार स्त्रीनें तरवार धरून उभ्या असलेल्या दरवेश खानाचें चित्र काढलें, तें आजही उपलब्ध आहे. १० ऑगस्ट १७८८ रोजीं व्हर्सायच्या वाड्यांतील हर्क्युलिसच्या दालनांत सोळाव्या लुईनें त्यांची भेट घेतली. राजा सिंहासनावर, भोंवतीं राजकुटुंब आणि दरबारी मंडळी. सयामी वकिलांच्या वेळचा थाट जणुं पुन्हा उभा करण्यांत आला होता. वकिलांची मुख्य मागणी ही कीं, फ्रान्सनें टिपूशीं संरक्षणाचा व चढाईचा तह करावा आणि इंग्रजांना हिंदुस्थानांतून काढण्यास फौज द्यावी. याशिवाय कारागीर आणि झाडांचीं बीं-रोपें यांचीही मागणी होती.

उत्तर गोड शब्दांत नकाराचें आलें. १७८३ मध्यें याच व्हर्सायला इंग्रजांशीं झालेला तह मोडावयाची फ्रान्सची इच्छा नव्हती. पण त्याहून मोठें कारण पडद्याआड होतें. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांविरुद्ध ओतलेल्या पैशानें फ्रान्सचा खजिना रिता झाला होता. १३ जुलै रोजीं, म्हणजे वकील पॅरिसला पोहोंचण्याच्या तीनच दिवस आधीं, भयंकर गारपिटीनें पॅरिसच्या आसमंतांतलें उभें पीक झोडपून काढलें होतें. भेटीच्या दोन दिवस आधीं, ८ ऑगस्टला, पावणेदोनशें वर्षांत न भरलेली तिन्ही वर्गांची राष्ट्रसभा पुढील वर्षीं भरविण्याचें सरकारला जाहीर करावें लागलें होतें. आणि भेटीनंतर सहाच दिवसांनीं, १६ ऑगस्टला, खजिन्यानें रोख देणीं थांबविलीं. समुद्र ओलांडून आलेल्या त्या वकिलांनीं ज्याच्याकडे फौज मागितली, त्या राजापाशीं सावकारांचें व्याज द्यावयासही पैसा नव्हता. दालनांतील सोनेरी मुलाम्यावरून, छतावरील भव्य चित्रावरून किंवा राजाच्या पोषाखावरून त्यांना हें कळण्याचा मार्ग नव्हता. चौदाव्या लुईनें परक्यांच्या डोळ्यांवर मोहिनी घालण्यासाठीं जें यंत्र उभारलें, तें त्याच्या मागून त्र्याहत्तर वर्षांनींही बिनचूक चालत होतें. फक्त त्याच्यामागची शक्ति संपली होती. वकील सेव्र येथील चिनी मातीच्या भांड्यांच्या भेटी आणि कांहीं कारागीर बरोबर घेऊन नोव्हेंबरांत परत निघाले आणि १७८९ च्या मे महिन्यांत पाँडिचरीस पोहोंचले. १७९० मध्यें इंग्रज, निजाम आणि मराठे असे तिघे मिळून टिपूवर चालून गेले, त्या वेळीं फ्रान्सकडून त्याला कांहींच मदत झाली नाहीं. होण्यासारखें फ्रान्सच त्या वेळीं राहिलें नव्हतें.

येथें एका प्रचलित समजाचा विचार करणें योग्य होईल. व्हर्सायच्या उधळपट्टीनें फ्रान्सला भिकेस लाविलें आणि म्हणून क्रांति झाली, असें अनेकदां सांगण्यांत येतें. आंकडे तसें सांगत नाहींत. १७८८ सालच्या सरकारी खर्चांत राजदरबाराचा वांटा सुमारें सहा टक्के होता. कर्जाचें व्याज व फेड यांनीं मात्र निम्मा खर्च खाऊन टाकला होता, आणि तें कर्ज मुख्यत्वें लढायांचें होतें. तें फेडावयाचें तर धर्मगुरु आणि सरदार या दोन वर्गांना मिळालेल्या करमाफ्या काढून घेणें अवश्य होतें. पण ज्यांच्या माफ्या काढावयाच्या तेच लोक रात्रंदिवस राजाच्या भोंवतीं होते आणि ज्यांच्यावर करांचें ओझें होतें ते बारा मैल दूर होते. चौदाव्या लुईनें सरदारांना डोळ्यांसमोर राहावें म्हणून व्हर्सायला आणलें. त्याच्या वंशजांना त्या सरदारांपलीकडचें कांहीं दिसेनासें झालें. वाड्याचा खरा दोष खर्चाचा नसून या आडपडद्याचा होता.

५ मे १७८९ रोजीं राष्ट्रसभा व्हर्सायलाच भरली. जून महिन्यांत तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनीं आपणच राष्ट्र आहों असें जाहीर केलें. सभागृहाचे दरवाजे बंद दिसतांच जवळच्या एका चेंडूफळीच्या बंदिस्त अंगणांत जमून, राज्यघटना केल्यावांचून पांगावयाचें नाहीं अशी शपथ घेतली. जुलैंत पॅरिसच्या लोकांनीं बास्तीय किल्ला घेतला. तरीही राजा, राणी आणि वाडा जेथल्या तेथें होते.

५ ऑक्टोबर १७८९ रोजीं सकाळीं पॅरिसच्या बाजारांतल्या स्त्रिया भाकरी मागत नगरमंदिरापाशीं जमल्या. शहरांत पाव महाग आणि दुर्मिळ झाला होता. त्यांत व्हर्सायला लष्करी मेजवान्या झडत असल्याची बातमी आलेली. मासळीवाल्या, भाजीवाल्या, मोलकरणी अशा कित्येक हजार स्त्रिया ओढून आणलेल्या तोफांसह पावसांतून व्हर्सायच्या वाटेला लागल्या. राजा त्या दिवशीं शिकारीस गेला होता. ८१ सावजें मारलीं आणि घडामोडींमुळें शिकार अर्धवट सोडावी लागली, अशी नोंद त्याच्या रोजनिशींत आहे. संध्याकाळीं चिखलानें माखलेल्या त्या स्त्रिया वाड्यासमोर येऊन पोहोंचल्या. त्यांच्यांतील कांहींजणींना राजानें आंत बोलावून धान्य देण्याचें वचन दिलें. पण पटांगणांत जमलेला समुदाय हलला नाहीं. पहाटे एक उघडा राहिलेला दरवाजा सांपडून लोक आंत घुसले, दोन पहारेकरी मारले गेले आणि राणी मागच्या आडवाटेनें राजाच्या दालनाकडे धांवत सुटली. दिवस उजाडल्यावर राजाला सज्जांत येऊन पॅरिसला येण्याचें कबूल करावें लागलें. दुपारीं एकच्या सुमारास राजकुटुंबाची गाडी निघाली. बरोबर पिठानें भरलेल्या गाड्या होत्या. माझें बिचारें व्हर्साय सांभाळा, असें राजा मागें राहणाऱ्या अधिकाऱ्याला म्हणाल्याचें सांगतात. तो पुन्हा तेथें आला नाहीं. १७९३ सालीं जानेवारींत त्याचा आणि ऑक्टोबरांत राणीचा शिरच्छेद झाला.

ज्या वाड्यांत शिरावयास भाड्याची कां होईना पण तलवार लागे, तेथें हे पहिले पाहुणे असे आले कीं ज्यांना दरबारचा कोणताही नियम ठाऊक नव्हता आणि ज्यांना कोठें उभें राहून काय पाहावें हें कोणीं सांगितलें नव्हतें. बालवयांतल्या चौदाव्या लुईच्या पलंगापाशीं १६५१ मध्यें आलेले लोक पाहून परत गेले होते. १३८ वर्षांनीं आलेले लोक राजाला बरोबर घेऊन गेले. लोकांपासून दूर राहण्यासाठीं बांधलेला तो वाडा एका दिवसाच्या चालीहून दूर नव्हता, हें त्या स्त्रियांनीं पायांनीं मोजून दाखविलें.

क्रांतिकारकांनीं वाडा पाडला नाहीं. सामान मात्र विकलें. १७९३ च्या ऑगस्टपासून वर्षभर चाललेल्या लिलांवांत १७,००० हून अधिक बाबी गेल्या. त्यांतल्या वस्तु शोधून परत आणण्याचें काम आजतागायत चालू आहे. १८३७ मध्यें लुई फिलिप राजानें फ्रान्सच्या सर्व वैभवांना अर्पण केलेलें पदार्थसंग्रहालय येथें उघडलें, त्यामुळें पडझडीपासून वाडा वांचला.

तथापि आरसेमहालाच्या नशिबीं आणखी दोन पाहुणे होते. १८७० च्या युद्धांत फ्रान्सचा पराभव करून प्रशियाच्या सेनेनें पॅरिसला वेढा घातला आणि आपली मुख्य छावणी व्हर्सायला ठेविली. १८ जानेवारी १८७१ रोजीं, लुईच्या ऱ्हाईनवरील विजयाच्या चित्रांखालीं, जर्मन राजे आणि सेनापति जमले व प्रशियाचा राजा विल्हेल्म याला जर्मनीचा सम्राट म्हणून घोषित केलें. जिनोव्हाच्या दोजेला जेथें मान लववावी लागली, तेथेंच फ्रान्सला आपली मान लवलेली पाहावी लागली. फ्रान्स हें विसरलें नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजीं, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, जर्मनीचे दोन प्रतिनिधि त्याच महालांत तहावर सही करण्यासाठीं आणले गेले. युद्धांत चेहरे विद्रूप झालेले पांच फ्रेंच शिपायी मुद्दाम तेथें ठेविले होते. त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनें भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या आहेत. टिपूचे वकील तह मागण्यास आले आणि रिकाम्या हातीं गेले. १३१ वर्षांनीं हिंदुस्थानचें नांव व्हर्सायच्या तहावर आलें, पण तें पारतंत्र्यांतील देश म्हणून. त्या तहानें शांतताही आणली नाहीं. अपमानाची परतफेड अपमानानें करण्याचा तो फेरा आणखी वीस वर्षांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या रूपानें जगाच्या माथीं बसला.

आज तो महाल शांत आहे. २००४ ते २००७ मध्यें त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली. वाड्याच्या दक्षिणेकडील भागांत १८७५ सालीं बांधलेलें एक सभागृह आहे. फ्रान्सच्या घटनेंत दुरुस्ती करावयाची असली म्हणजे दोन्ही सभागृहांचे सभासद तेथें एकत्र येतात. ४ मार्च २०२४ रोजीं गर्भपाताचें स्त्रियांचें स्वातंत्र्य घटनेंत घालण्याची दुरुस्ती तेथेंच संमत झाली. ज्या ठिकाणीं एके काळीं राजाचा शब्द हाच कायदा होता, तेथें लोकांचे प्रतिनिधि मतें मोजून कायदा करतात.

व्हर्साय पाहून येणाऱ्या प्रवाशाला आरशांची संख्या पुढें आठवेलच असें नाहीं, आणि न आठवली तरी फारसें बिघडत नाहीं. दोजेचें उत्तर, टिपूच्या वकिलांची निराशा आणि पावसांत चाललेल्या त्या स्त्रियांचीं पावलें मात्र त्यानें लक्षांत ठेवावीं. कोणत्याही काळीं आणि कोणत्याही देशांत सत्तेचा थाट पाहतांना, या दालनाच्या भिंतीपलीकडे काय चाललें आहे, हा प्रश्न पाहुण्यानें विचारावयास पाहिजे. टिपूच्या वकिलांना तो विचारतां आला नाहीं हें समजण्यासारखें आहे, कारण ते परके होते. सोळाव्या लुईनेंही तो वेळेवर विचारला नाहीं, आणि तो तर त्या घरचा धनी होता.